साहेबाची शिस्त आणि आमची धक्काबुक्की

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथून रोज मुंबईस जाणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं एक सिद्धान्त फार दिवसांपासून बसला आहे. तो असा कीं, आमच्या लोकांस शिस्त म्हणून ठाऊक नाहीं. विलायतेंत पाहा, तेथें कोणी रांग मोडीत नाहीं, कोणी वेळ चुकवीत नाहीं, आणि धक्का लागला तर ज्याला लागला तोच आधीं क्षमा मागतो! गाडी उशिरां आली कीं हा सिद्धान्त उच्चारला जातो, गाडीच्या दारांत झोंबाझोंबी झाली कीं उच्चारला जातो, आणि कोणाचे चिरंजीव लंडनहून सुटीवर आले म्हणजे तर त्याला प्रत्यक्ष पुराव्याचीही जोड मिळते. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यानजीक दोन लोकल गाड्या वळणावर एकमेकींस ओलांडीत असतां दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले, आणि त्यांपैकीं चार जण त्याच दिवशीं प्राणांस मुकले. त्यानंतर कांहीं दिवस हें वाक्य ऐकल्यावांचून फलाटावर उभें राहणें कठीण झालें होतें. "मुळांत लोंबकळतात कशाला?" असें विचारणाऱ्यांत बसून प्रवास करणारेच पुष्कळ होते, हें सांगितलें पाहिजे असें नाहीं.

याच्या उलट बोलणारा एक पक्षही आमच्यांत आहे. त्याच्या मतें इंग्रजाची सभ्यता म्हणजे नुसता मुलामा. तोंडानें क्षमा मागावयाची आणि शेजारी मेला तरी दार ठोठवावयाचें नाहीं, अशी ती सभ्यता. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात. पण एका गोष्टीविषयीं त्यांचें एकमत आहे. ती ही कीं, इंग्रज जो कांहीं आहे तो जन्मतःच तसा आहे, आणि आम्ही जे कांहीं आहों ते जन्मतःच तसे आहों. आम्हांस हें मान्य नाहीं. इंग्रजाची शिस्त खरी आहे. परंतु ती त्याच्या रक्तांतली नाहीं, समजतात तितकी जुनी नाहीं, आणि उपदेशानें तर मुळींच आलेली नाहीं. ती सोयीच्या पाठीमागून आली. जेथें सोय नव्हती तेथें तोही आमच्यासारखाच वागला. आणि जेथें सोय झाली तेथें आम्हीही त्याच्यासारखेच वागतों. हें मत दोन्ही पक्षांस अप्रिय होईल, हें जाणूनच आम्ही तें येथें मांडीत आहों.

प्रथम वेळेची गोष्ट घेऊं, कारण तिचा आरंभ आमच्याच दारांत झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी आली. चौदा डबे आणि सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे. पुढच्याच वर्षीं १ मे रोजीं खाडी ओलांडून आणि पारसिकचा डोंगर पोखरून लोहमार्ग कल्याणास पोंचला. कल्याण हें जुनें बंदर. तेथील व्यापाऱ्याचा दिवस भरती-ओहोटीनें मोजला जाई आणि भटजींचा घटकापळांनीं. अशा माणसांस एकाएकीं मिनिटांचा हिशेब आला. तेव्हांपासून "नेटिवास वेळेची किंमत नाहीं" हें वाक्य साहेबानें म्हणावें आणि आमच्या पदवीधरांनीं मान डोलवावी, असा क्रम पडला.

परंतु साहेबाच्या स्वतःच्या घरीं काय चाललें होतें? आगगाडी येण्यापूर्वीं इंग्लंडांतील प्रत्येक शहर आपापल्या सूर्याप्रमाणें घड्याळ लावीत असे. ब्रिस्टलचें घड्याळ लंडनच्या मागें सुमारें दहा मिनिटें. १८४० सालीं त्या बाजूच्या रेल्वे कंपनीनें सर्व मार्गावर लंडनची वेळ चालू केली, तेव्हां ब्रिस्टलच्या नागरिकांनीं ती सुखासुखीं घेतली नाहीं. तेथील धान्यबाजाराच्या इमारतीवरील घड्याळास मिनिटांचे दोन कांटे बसविले होते, एक ब्रिस्टलचा आणि एक लंडनचा. ते अजूनही पाहावयास मिळतात. सबंध देशास एक वेळ कायद्यानें लागू झाली ती १८८० सालीं. म्हणजे ठाण्यास गाडी येऊन सत्तावीस वर्षें झाल्यावर! आतां आमच्या मुंबईकडे पाहा. १९०६ च्या आरंभीं हिंदुस्थानची एक वेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटें पुढें होती. मुंबईकर अडून बसले, आणि मुंबई नगरपालिकेनें जुनी वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नाहीं. ब्रिस्टलनें केलें तें प्रवाशांनीं कौतुकानें पाहावें, आणि मुंबईनें केलें तो मात्र अडाणीपणा ठरावा, असा हा न्याय आहे. दोन्हीकडे लोकांस वक्तशीर केलें तें आगगाडीच्या शिटीनें. गाडी वेळेवर सुटूं लागली, तेव्हां माणसें वेळेवर येऊं लागलीं. डोंबिवलीचा कारकून आज ७.४१ ची लोकल म्हणून सांगतो, पावणेआठची म्हणून नव्हे. अशी एकेका मिनिटाची मोजणी लंडनच्या कारकुनासही मागें टाकील.

रांगेची कथा याहून मौजेची आहे. इंग्रजींत रांगेस जो शब्द आहे तो फ्रेंच भाषेंतून आलेला; त्याचा मूळ अर्थ शेपूट. कार्लाइलनें १८३७ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास प्रसिद्ध केला. पॅरिसमधील रोटीच्या दुकानांपुढें लोक आपण होऊन रांग धरतात, ही त्यास इतकी नवलाची गोष्ट वाटली कीं, इतर राष्ट्रांहून वेगळा असा फ्रेंचांचा गुण म्हणून त्यानें तिचा उल्लेख केला. म्हणजे कार्लाइलच्या काळीं रांग ही परक्यांची खोड होती! ती इंग्रजाचा राष्ट्रीय गुण केव्हां झाली? ऑर्वेलनें १९४४ च्या सुमारास इंग्रज लोकांवर जो निबंध लिहिला त्यांत, आणि हंगेरीहून येऊन लंडनांत राहिलेल्या जॉर्ज मिकेशनें १९४६ सालीं इंग्रजांची थट्टा करणारें जें पुस्तक लिहिलें त्यांत, हा गुण ठळकपणें आला. हीं सालें लक्षांत घ्यावीं. जानेवारी १९४० मध्यें इंग्लंडांत शिधावाटप सुरू झालें आणि तें जुलै १९५४ पर्यंत चाललें. युद्ध संपल्यावर १९४६ ते १९४८ या काळांत तर पावसुद्धां शिधापत्रिकेवर मिळे. त्या रांगांत सगळें गोडीगुलाबीनें चाले असेंही नाहीं. भांडणें होत, मध्येंच घुसणारे होते, कधीं पोलिसासही उभें करावें लागे. तरी रांग टिकली. कारण प्रत्येकाच्या हातांत पुस्तिका होती, भाव बांधलेला होता, आणि लॉर्डाच्या बायकोसही तेवढेंच लोणी मिळणार होतें जेवढें गवंड्याच्या बायकोस. रांगेच्या शेवटीं आपला वाटा आहे ही खात्री असली म्हणजे मनुष्य उभा राहतो. ती खात्री नसली तर बिशपही कोपरानें वाट काढील.

मुंबईंत शिधावाटप आलें १९४३ सालीं, आणि रेशनची रांग हा शब्द आमच्या घराघरांत रुळला. परंतु आमची रांग त्याहून जुनी आहे. चाळींतील नळाचीच गोष्ट घ्या. पाणी पहाटे चारास येणार. कोणी रात्रींच आपला हंडा ठेवून निजावयास जाई, कोणी कळशी, कोणी डबा, आणि ज्याच्यापाशीं रिकामें भांडें नाहीं तो वीट ठेवी. माणूस घरीं, नंबर नळावर! त्या विटेस कोणी हात लावीत नसे. लावलाच तर सगळी चाळ उठे. बिनमाणसांची ही रांग कोणत्या साहेबानें आम्हांस शिकविली? येथेंही कारण तेंच. नळ किती वेळ चालतो हें सर्वांस ठाऊक, आणि प्रत्येकानें किती भांडीं भरावीं हेंही ठरलेलें.

आतां डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर सायंकाळीं सातच्या सुमारास उभें राहून पाहावें. जो गृहस्थ दहा मिनिटांपूर्वीं लोकलच्या दारांतून दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन उतरला, तोच जिना उतरून शेअर रिक्षाच्या रांगेंत मुकाट्यानें शेवटीं जाऊन उभा राहतो. पाऊस असला तर छत्री उघडतो, पण जागा सोडीत नाहीं. रक्त तेंच, शिक्षण तेंच, दिवसही तोच. मग दहा मिनिटांत त्यास विलायतेचें पाणी कोणी पाजलें? उत्तर सोपें आहे. मागून रिक्षा येत आहेत हें तो पाहतो, दर माणशीं भाडें त्यास ठाऊक असतें, आणि मध्येंच घुसणाऱ्यास मागचे वीस जण ओरडून बाहेर काढतात. लोकलची गोष्ट वेगळी. गाडी अर्धें मिनिट थांबते, दारांत माणसांची भिंत असते, आणि मागून येणारी गाडीही तितकीच भरलेली असणार हें त्यास वीस वर्षांच्या अनुभवानें कळून चुकलेलें असतें. अशा ठिकाणीं जो सभ्यपणानें बाजूस उभा राहील तो सभ्यपणानेंच नोकरी गमावील. म्हणून तर ठाण्याचा आणि डोंबिवलीचा मनुष्य बसावयास मिळावें एवढ्यासाठीं सकाळीं उलटा कल्याणास जातो आणि त्याच गाडींत बसून परत येतो. हिचे नांव बेशिस्त ठेवणाऱ्यानें अर्ध्या तासाची झोंप मोडून एवढा बेत करणारा बेशिस्त मनुष्य अन्यत्र दाखवावा.

आमचे इंग्रजभक्त वाचक येथें म्हणतील कीं, रांग राहूं द्या. पण त्यांची छत्री, त्यांचा चहा, त्यांचें टेबलावरचें वागणें, हें तर पिढीजात आहे! या दोन वस्तूंचा इतिहास एकाच गृहस्थाच्या चरित्रांत सांपडतो. त्याचें नांव जोनास हॅनवे. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन नित्य फिरणारा जो पहिला पुरुष म्हणून सांगतात तो हाच. त्या काळीं छत्री ही बायकांची आणि फ्रेंचांची वस्तु समजली जाई. पोरें त्याच्यामागें हुर्यो करीत, आणि भाड्याच्या गाड्यांचे हांके तर शिव्या देत, कारण पाऊस पडला कीं लोकांनीं गाडी करावी हा त्यांचा धंदा. हॅनवेनें तीस वर्षें छत्री सोडली नाहीं. हाच मनुष्य चहाचा कट्टर वैरी. १७५६ सालीं त्यानें चहावर निबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, या पेयानें इंग्रज राष्ट्र दुबळें आणि दरिद्री होत आहे. पुढच्या वर्षीं डॉक्टर जॉन्सननें, जो स्वतः पेल्यामागून पेले चहा घेणारा होता, त्याची चांगलीच खोड मोडली. छत्रीविषयीं हॅनवे जिंकला, चहाविषयीं हरला. आज छत्री आणि चहा यांवांचून इंग्रज डोळ्यांपुढें येत नाहीं. आणि ज्यानें एकीसाठीं शिव्या खाल्ल्या व दुसऱ्यास शिव्या दिल्या त्याचें नांव थोड्यांसच ठाऊक असतें.

अशाच स्वभावाचा एक पुरुष आमच्याकडेही होऊन गेला, आणि त्याचा संबंध कल्याणाशीं आहे. टपालखात्यांतील गोपाळराव जोशी. कल्याणच्या जोशांची यमुना नऊ वर्षांची असतां त्यांस दिली, तीच आनंदीबाई. त्या ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून बोटीनें एकट्या निघाल्या आणि मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. बाईनें जोडा घालून, छत्री घेऊन रस्त्यानें चालावें, एवढ्यावरच ज्या काळीं टवाळी होत असे, त्या काळची ही गोष्ट. गोपाळराव मागाहून अमेरिकेस गेले आणि तेथें उभे राहून त्यांनीं तेथल्याच लोकांच्या चालीरीतींवर आणि मिशनऱ्यांवर तोंडसुख घेतलें. इकडे आल्यावर १८९० सालीं त्यांनीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें प्रतिष्ठित मंडळींस नेऊन चहा-बिस्किटें पुढें ठेवविलीं आणि नंतर सर्वांचीं नांवें पत्रांत छापून दिलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. केवढें ग्रामण्य माजलें! शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें; रानड्यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें; टिळकांनीं आपण काशीस तें घेतल्याचें सांगितलें. गोपाळरावांचा हेतु सुधारकांची फजिती करण्याचा होता कीं सनातन्यांची, याचा निकाल आजही करणें अवघड आहे. आनंदीबाईंचे त्यांनीं जे हाल केले ते आम्ही विसरत नाहीं. परंतु आपल्या आणि परक्यांच्या दोघांच्याही रीतींस सारख्याच निर्भयपणें हात घालणारा असा मनुष्य विरळा.

आतां प्रस्तुत मुद्दा. ज्या चहानें पुणें पेटलें, तो पुढें घरोघर कसा शिरला? शास्त्रार्थानें नव्हे. १९०३ सालीं चहावर खास कर बसवून त्या पैशांतून त्याचा प्रसार सुरू झाला. पुढें स्टेशनांवर चहाचे ठेले आले. कल्याणसारख्या जंक्शनावर रात्रीं दोन वाजतां थंडींत गाडीची वाट पाहणारा मनुष्य किटलीवाल्याची जात किती वेळ विचारणार? जें पंडितांच्या सभेंत सुटलें नाहीं तें फलाटावर सुटलें. मात्र सोय ही दुधारी आहे, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. याच फलाटांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे माठ वर्षानुवर्षें ठेवले जात होते, आणि ज्यास पूर्वीं हा भेद फारसा सुचला नव्हता त्याच्याही अंगीं तो तहान लागली कीं मुरूं लागला. साहेबाची स्वतःची रीत तर निराळीच. घरीं रांगेबद्दल प्रसिद्धि पावलेल्या या मनुष्यानें येथें युरोपियनांसाठीं डबे राखून ठेवले, आणि तिसऱ्या वर्गाचे उतारू, ज्यांच्याकडून उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा भाग येत असे, त्यांस मेंढरांप्रमाणें कोंबलें. गांधीजींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जें पत्रक लिहिलें त्यांत रेल्वेचे दोष दाखविले आहेत आणि उतारूंच्या घाणेरड्या संवयींचेही. आमच्या पुढच्या पिढ्यांनीं त्यांतला दुसरा भाग तेवढा पाठ केला.

विलायतेंत गाडीच्या दारांतून माणसें पडत नाहींत, असें ज्यांस वाटतें त्यांच्या माहितीसाठीं सांगतों. लंडनच्या दक्षिणेकडून नोकरीस येणाऱ्या लोकांच्या गाड्यांस जवळजवळ प्रत्येक बांकापाशीं स्वतंत्र दार असे. तें हातानें उघडावयाचें आणि आपटून लावावयाचें. गाडी थांबण्यापूर्वींच दार उघडून फलाटावर उडी टाकणें हा तेथील टोपीवाल्या कारकुनांचा नित्यक्रम होता. माणसें पडत, मरतही. सुरक्षिततेच्या सरकारी खात्यास १९९३ मध्यें याच विषयावर वेगळा अहवाल काढावा लागला. मग गार्डाच्या हातीं राहणारीं कुलुपें दारांस आलीं, आणि २००५ पर्यंत त्या भागांतील नित्याच्या वाहतुकींतून तसल्या गाड्याच गेल्या. कारकून तेच राहिले, दार बदललें.

याहून कडू उदाहरण आहे. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यास आलेली माणसें जाळीच्या कुंपणाशीं चेंगरलीं. ९७ जीव गेले. पोलिसांनीं सांगितलें, गर्दी दारू प्यालेली आणि बेशिस्त होती. वर्तमानपत्रांनीं तें छापलें, आणि सभ्य इंग्रजांनीं तें खरें मानलें. मृतांच्या नातेवाइकांनीं सत्तावीस वर्षें दाद मागितली, तेव्हां २०१६ मध्यें पंचांनीं निर्णय दिला कीं, दोष प्रेक्षकांचा नव्हता. बंदोबस्त करणाऱ्यांचा होता. सामान्य माणसाच्या शिस्तीवर बोट ठेवलें म्हणजे बंदोबस्त करणाऱ्याचें बोट कोणी पाहत नाहीं, ही युक्ति इंग्रजांच्या घरींही चालते.

मुंब्र्याच्या अपघातानंतर आमच्याकडे तेंच झालें. ठाणें ते दिवा पांचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्यें सुरू झाली. परंतु कल्याणपलीकडून आणि दिव्याच्या आसपास जीं घरें उठलीं, त्यांतील माणसें वाहून नेण्यास गाड्या पुरत नाहींत, हें रोज सकाळीं दिसतें. हें सर्व मान्य करूनही डोंबिवलीच्या आणि कल्याणच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दिव्यास किंवा मुंब्र्यास गाडी शिरली कीं दारांत आडवें उभें राहून "पुढची पकडा" म्हणणें, चौघांच्या गटानें रुमाल टाकून बांक अडविणें, उतरणार नसतांही दार न सोडणें, या गोष्टी गर्दी करावयास लावते असें आम्ही म्हणणार नाहीं. जागा नाहीं ही गोष्ट खरी. पण जी आहे ती आपल्या गांवची, हा निवाडा दारांतल्या माणसानें स्वतः केलेला असतो. पंचहौदच्या चहाच्या वेळीं जातीनें जें केलें, तें येथें स्टेशनाचें नांव करतें. दिव्याचा उतारू दाराच्या कडेस लोंबकळतो, तो पुष्कळदां आंत जागा असतांही आंत घेतला जात नाहीं म्हणून.

अपघातानंतर रेल्वेनें असें जाहीर केलें आहे कीं, यापुढें साध्या लोकलच्या नव्या गाड्याही आपोआप मिटणाऱ्या दारांच्या करूं. ठीक आहे. परंतु वातानुकूलित लोकलचा अनुभव ताजा आहे. गर्दीच्या वेळीं ठाण्यास किंवा डोंबिवलीस त्या गाडीचें दार माणसांवर अडकून राहतें, मिटत नाहीं. गाडी हलत नाहीं. मग रेल्वेचा शिपाई येऊन बाहेरच्यांस ओढतो किंवा आंतल्यांस ढकलतो. नव्या दारांबरोबर फेऱ्या किती वाढणार, आणि त्यांपैकीं किती दिव्यास व मुंब्र्यास थांबणार, हा आंकडा ठाणें-कल्याणच्या प्रतिनिधींनीं रेल्वेकडून लेखी मागून घ्यावा.